पाच पन्नासची फाइल

१

माझ्या धाकट्या भावाने बावन्नाव्या वर्षी लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न ऑगस्टमध्ये झालं. सप्टेंबरच्या तेवीस तारखेला सकाळी साडेनऊला इस्पितळाच्या मेट्रनबाई आमच्या कंपनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी दारावर होतो. दारावर म्हणजे रखवाली, रजिस्टर आणि चहा, तिन्ही. सगळे मला मामा म्हणत.

बाई साठीच्या आसपासच्या. केस बारीक कापलेले, हातात निळी वही. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"तुमच्या पेटीत आमचं एक बाळ भाजता भाजता राहिलं," त्या म्हणाल्या. "साहेबांना बोलवा."

पेटी म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी. पेट्या दुसरेच लोक बनवत. ऊब किती ठेवायची, ती वाढली तर अलार्म कधी वाजवायचा, हे ठरवणारा प्रोग्राम आमच्याकडे लिहिला जाई. एकोणीस तारखेला आमच्या मास्तरांनी इस्पितळात जाऊन चार नंबरच्या पेटीत नवी फाइल घातली होती. एकवीसच्या दुपारी त्या पेटीतली ऊब वाढत गेली आणि अलार्म वाजलाच नाही. एका नर्सने सहज हाताची मागची बाजू बाळाच्या पाठीला लावली, म्हणून कळलं. बाळ वाचलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल.

साहेब धावत आले. इस्पितळाचा फोन त्यांना आदल्या दिवशी आलाच होता. बाईंनी वही उघडली.

"पेटीच्या पडद्यावर फाइलचं नाव येतं. मी उतरवून घेतलंय. ०९१८, मग ०५५०. याचा अर्थ काय?"

"नववा महिना, अठरा तारीख," साहेब म्हणाले. "पाच वाजून पन्नास मिनिटं. तेव्हा ही फाइल बनली." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "पण पहाटे पाच पन्नासला आमच्याकडे असतं कोण?"

कोण असतं ते मला माहीत होतं. मी आधण ठेवायला आत निघून गेलो.

२

बाईंनी चौकशीसाठी चहाची खोली मागितली. साहेबांच्या खोलीला चारी बाजूंनी काचा. "तिथे माणूस बोलत नाही, दिसतो," त्या म्हणाल्या. त्यामुळे सगळं बोलणं माझ्या कानांवर पडलं. मला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही. चहावाल्याला बहुधा कुणी म्हणत नाही.

पहिला आला खोडरबर. प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. बोलण्यात तिखट, मनाने बरा.

"बाई, आमच्याकडे नियम आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनी लिहिलेले तुकडे बांधून एक फाइल होते, तिला आम्ही बिल्ड म्हणतो. बिल्ड निघते सकाळी अकराला. फार तर साडेबाराला. जेवणानंतर त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही."

"का?"

"कारण जेवणानंतर मी तपासतो. मी तपासत असताना कुणी नवी काढली तर मी तपासलं काय आणि गेलं काय? अठराला अकरा दहाची बिल्ड निघाली. मी चार वाजेपर्यंत तपासली. अलार्म ठणठणीत वाजत होता, कान किटले माझे. मग ती लाल फितीच्या पेनड्राइव्हवर टाकली आणि तो खिळ्याला टांगला. त्या पेनड्राइव्हवर एका वेळी एकच फाइल ठेवायची, असाही नियम आहे."

"मग इस्पितळात दुसरी कशी आली?"

"कुणीतरी बदलली. अठराच्या चारनंतर आणि एकोणीसच्या सकाळी नऊच्या आत. मास्तर नऊला पेनड्राइव्ह घेऊन निघाले."

"आणि नावात वेळ घालायची पद्धत कुणाची?"

"भिंगरीची, आमच्या त्या प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरीची," तो म्हणाला आणि चहात बघू लागला. "पूर्वी प्रत्येक फाइलचं नाव एकच असायचं. नवी आली की जुनी पुसली जायची. एकदा चांगली फाइल अशीच गेली, दोन दिवस आम्ही सगळे डोक्याला हात लावून बसलो. मग जुलैमध्ये तिने हे केलं. बिल्ड निघाली की मशीन आपोआप नावात तारीख-वेळ घालतं. चांगलं केलं, खोटं कशाला बोलू."

"मशीन स्वतःसुद्धा वेळ नोंदवत असेल ना? ती बघा की."

खोडरबर हसला, पण त्यात हसू नव्हतं. "साहेबांनी बावीसला घाबरून सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घेतल्या आणि मशीन धुऊनपुसून नवं केलं. आता प्रत्येक फाइलवर बावीस तारीखच आहे. खरी वेळ उरली ती फक्त नावात. आणि मशीनवर आम्ही सगळे एकाच नावाने बसतो, त्यामुळे बटण कुणी दाबलं तेही कळत नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "मामा, ये-जा कोण लिहितं?"

"नाव ज्याचं तो लिहितो. वेळ मी घालतो."

"रजिस्टर आणा."

३

रजिस्टर बघून बाईंनी चष्मा वर केला. "ही चित्रं कसली?"

"मामांची कला," खोडरबर म्हणाला. "सकाळच्या वेळेपुढे सूर्य, दुपार झाली की दिवा. दुपारी दोनला टळटळीत उन्हात दिवा लावतात आमचे मामा."

"घड्याळात बाराच आकडे आहेत," मी म्हटलं. "बारानंतर दिवा. मला तेवढं पुरतं."

बाईंनी अठरा तारखेचं पान काढलं. पहिलीच ओळ, पाच पस्तीस, पुढे सूर्य, आणि नाव भिंगरीचं. त्यानंतरचं नाव आठ वाजता. मधे कुणी नाही. एकोणीसचं पानही तसंच. रात्री दाराला कुलूप असतं, किल्ली माझ्या कमरेला, आणि मी दाराशेजारच्या खोलीत राहतो.

"म्हणजे अठराच्या पहाटे तिने फाइल बनवली," साहेब दारातून म्हणाले, "आणि एकोणीसच्या पहाटे पेनड्राइव्हवर बदलली. दोन्ही वेळा ती एकटी होती."

"तुम्ही नंतर," बाई म्हणाल्या. "मास्तरांना पाठवा."

मास्तर आमच्यातले सर्वांत जुने. पेटीचा पहिला प्रोग्राम त्यांच्या हातचा. उंच, किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशात फोन, तो वाजत नसे, नुसता थरथरे. ते बसले आणि पेनड्राइव्ह कसा घेतला, फाइल कशी घातली, हे सावकाश सांगू लागले. मधेच माझ्या किटलीने शिट्टी धरली. बाई दचकल्या, मी उठलो. मास्तर त्याच लयीत बोलत राहिले.

"अठराला संध्याकाळी तुम्ही किती वाजता निघालात?" बाईंनी वहीत बघत विचारलं.

"काय?"

बाईंनी मान वर करून पुन्हा विचारलं.

"सहा-सव्वासहा. घरून फोन आला होता. आमच्या हिचा पाय घसरला न्हाणीघरात."

"भिंगरीशी तुमचं पटतं?"

मास्तर थोडे हसले. "मी तिला म्हटलं होतं, फाइलला नाव पुरे की, जन्मवेळ कशाला? तिला राग आला. पोर हुशार आहे, बाई. तिने मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही." मग ते उठले, दारापर्यंत गेले, परत वळले. काहीतरी बोलायचं होतं. ते न बोलताच गेले.

४

भिंगरी ही आमच्याकडची सर्वांत लहान. एका जागी म्हणून कधी बसायची नाही. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दुपारनंतर त्यांच्याजवळ दुसरं कुणी नसे. म्हणून साहेबांनी तिला सकाळी सहा ते दोन अशी वेळ दिली होती.

त्या दिवशी मात्र ती खुर्चीत दगडासारखी बसली.

"अठराला पाच पन्नासला तू कुठे होतीस?" बाईंनी विचारलं.

"इथेच. इमारतीत."

"मशीनवर?"

"नाही."

"मग काय करत होतीस? तुझी वेळ सहाची, तू साडेपाचला येतेस. रोज. महिनाभर बघितलं मी रजिस्टर."

भिंगरीने एकदा माझ्याकडे बघितलं. तेवढंच. मग मान खाली घातली. "ते मी सांगू शकत नाही."

"पोरी, तू सांगितलं नाहीस तर माझ्या अहवालात तुझं नाव जाईल. यापुढे कुठलंही इस्पितळ, कुठलीही कंपनी तुला दारात उभी करणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी नाही?"

"तरी नाही."

बाईंनी वही मिटली. उद्या परत येते म्हणाल्या. भिंगरी बाहेर जाताना माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, "मामा, चहा उतू चाललाय."

त्या दिवशी मी बोललो नाही. हे लिहायला आजही जड जातं.

ती माझ्यासमोर होती. अठरालाही आणि एकोणीसलाही, साडेपाच ते सहा, याच चहाच्या खोलीत, याच टेबलाशी. ती मला वाचायला शिकवत होती. भावाच्या लग्नाची पत्रिका नव्या वहिनीच्या माहेरच्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती उलटी धरून मान डोलावली होती. बासष्टाव्या वर्षी. ते मी तिला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर येऊ लागली. कुणाला सांगू नकोस, एवढंच मी मागितलं होतं. कारण ही नोकरी मला लिहितावाचता येतं असं सांगून मिळाली होती. आकडे आणि सही, एवढीच माझी विद्या.

तिने शब्द पाळला, आणि माझा चहा उतू जात होता.

५

दुसऱ्या दिवशी दहाला बाई आल्या. साहेब, खोडरबर, मास्तर, भिंगरी, सगळे चहाच्या खोलीत. मी पिशवीतून माझी वही काढून टेबलावर ठेवली.

"ही तिची नाही, माझी आहे," मी म्हटलं. "साहेब, मला वाचता येत नाही. येत नव्हतं. ती मला रोज पहाटे शिकवते. दोन्ही दिवशी ती माझ्यासमोर होती. एक मिनिटही उठली नाही."

"मामा," भिंगरी म्हणाली, "कशाला?"

"तू गप्प बस. कालपासून मी गप्प होतो, पुरे झालं."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे अर्जावर..."

"सही येते साहेब. अर्ज भावाने भरला होता."

बाईंनी वही उघडली. भिंगरीला प्रत्येक गोष्टीवर वेळ घालायची सवय. प्रत्येक धड्याच्या पानावर तिने तारीख आणि वेळ टाकली होती. अठराच्या पानावर होतं ५:४०. खाली तिचा 'घ', आणि त्याखाली माझे बारा वेडेवाकडे 'घ'.

साहेबांनी वही ओढून घेतली. माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घाबरलेले होते, कंपनी बुडेल म्हणून. "याने काय सिद्ध होतं? इथे नुसतं पाच चाळीस लिहिलंय. हे पहाटेचं कशावरून? संध्याकाळचं नसेल कशावरून?"

 मी वहीकडे बघत होतो, आणि माझ्या डोक्यात एकदम काहीतरी सरकलं.

"साहेब," मी म्हटलं, "मग त्या फाइलचं पहाटेचं कशावरून?"

"म्हणजे?"

"तिच्या नावात पाच पन्नास आहे. सूर्य आहे की दिवा, ते कुठे आहे?"

साहेब म्हणाले, "मामा, ते कॉम्प्युटर आहे, तुमचं रजिस्टर नाही. त्यात चोवीस तासांचं घड्याळ असतं. संध्याकाळचं असतं तर सतरा पन्नास आलं असतं."

"सतरा कधी आलंय का?" बाईंनी लगेच विचारलं. "तेरा, चौदा? एकाही नावात?"

खोडरबर यादी बघायला पळाला आणि तशीच घेऊन आला. जुलैपासूनच्या एक्केचाळीस फाइली. ती एक पाच पन्नासची सोडली, तर तासाच्या जागी अकरा, अकरा, बारा, अकरा. तेरा एकदाही नाही.

"कसं असेल?" तो सावकाश म्हणाला. "जेवणानंतर बिल्ड काढायचीच नाही, हा आपलाच नियम. बारानंतर हे घड्याळ काय दाखवतं, ते कुणी बघितलंच नाही."

भिंगरी पांढरीफटक पडली होती. "मी बघते," म्हणत ती मशीनकडे गेली आणि दोन मिनिटांत परत आली. "मी बारा तासांचं घड्याळ धरलंय. चोवीसचं धरायला हवं होतं. माझीच चूक. साहेब, तुम्ही मला पकडलंत ते माझ्याच चुकीने."

"मला डोळ्यांनी बघायचंय," साहेब म्हणाले.

त्यासाठी एक वाजेपर्यंत थांबावं लागलं, कारण बारा पन्नासला बारा पन्नासच येणार होतं. जेवणाचे डबे कुणी उघडले नाहीत. कंपनीत पहिल्यांदाच नियम मोडला जात होता, तोही सगळ्यांसमोर. एक वाजून चार मिनिटांनी भिंगरीने बटण दाबलं. फाइल बनली. नाव आलं ०९२४, मग ०१०४.

"घ्या," खोडरबर म्हणाला. "मध्यरात्री एकला आपण सगळे इथे जमलो होतो. साहेबसुद्धा."

 बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि अठरा तारखेचे, जाण्याच्या वेळांपुढचे दिवे बोटाने मोजत गेल्या. भिंगरी, दोन पाच, दिवा. साहेब, चार चाळीस, दिवा. खोडरबर, पाच पंधरा, दिवा.

शेवटचा दिवा सहा दहाचा होता. त्यापुढचं नाव वाचायला मला शिक्षणाची गरज नव्हती.

६

बाईंनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं. मी उठलो तर म्हणाल्या, "तुम्ही थांबा मामा. किटली ठेवा."

मास्तर टेबलाशी बसून होते. किटली तापली, शिट्टी सुरू झाली. बाईंनी मला हाताने थांबवलं. शिट्टी वाजत राहिली, माझेच कान दुखू लागले. मास्तर पुढ्यातल्या कपाकडे बघत होते.

बाईंनी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "किती दिवस झाले?"

मास्तरांना काय विचारलंय ते बरोबर कळलं. "दोन वर्षं. बारीक, वरच्या सुरातलं ऐकू येणं गेलं. माणसांचं बोलणं समोर असलं की कळतं."

"अठराला काय झालं?"

"सगळे गेल्यावर मी आपल्या इथल्या तपासणीच्या पेटीशी बसलो. ऊब वाढवून बघितली. अलार्म वाजेना. म्हणजे वाजत असणार, मला ऐकू येईना. मला खरंच वाटलं की अलार्म बिघडलाय. आवाजाचा भाग उलगडला, पुन्हा बसवला, बिल्ड काढली, पेनड्राइव्हवरची फाइल काढून ही टाकली आणि पेटीत घालून बघितली. तरी नाही. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. हिचा पाय." त्यांनी पुढ्यातला कप बाजूला सारला. "बसवताना एक ओळ राहिली असणार. निघण्याआधी अकराची फाइल परत टाकली असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. टाकली नव्हती."

"आणि काल?"

"काल नाव ऐकलं, ०५५०. मी तर संध्याकाळी बटण दाबलं होतं. माझी असती तर १७५० असती. मला वाटलं, सुटलो, ही माझी नाहीच. मग पोरीवर आलं. काहीतरी चुकतंय हे आतून कळत होतं. दारातून परत वळलोही होतो. पण बोललो असतो तर कानांचंही सांगावं लागलं असतं. पेटीचा अलार्म ज्याला ऐकू येत नाही, त्याला पेटीजवळ कोण उभं करेल?"

मी किटली उतरवली. त्यांना चहा दिला. काल मीही याच खोलीत गप्प बसलो होतो, त्यामुळे त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं.

त्यांनी स्वतःच उठून भिंगरीला आत बोलावलं. "चूक माझी," ते म्हणाले. "तुझ्या नावावर दोन दिवस राहिली. मला माफ कर म्हणायलाही लाज वाटते."

 भिंगरी त्यांच्या समोर येऊन, ओठ दिसतील अशी बसली. "घड्याळ मी चुकवलं, मास्तर. ते बरोबर असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"सांगितलं असतं का, कोण जाणे," मास्तर म्हणाले.

बाईंनी अहवालात सगळं लिहिलं, कानांसकट. मास्तरांनी बाळाच्या आईवडिलांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. पेटीशी त्यांचं काम थांबलं, पण साहेबांनी त्यांना जाऊ दिलं नाही. मलाही नाही. "रजिस्टर तुमच्याइतकं कुणी चांगलं ठेवलं नसतं," एवढंच म्हणाले. नावातलं घड्याळ चोवीस तासांचं झालं. पुढच्या वर्षी पेट्यांवर, अलार्म वाजला की लुकलुकणारा लाल दिवा आला. तो मास्तरांनी सुचवला होता, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी. कागदावर त्याचं नाव काही वेगळंच आहे, पण कंपनीत सगळे त्याला मामांचा दिवा म्हणत.

मास्तरांनी कानात मशीन बसवलं. पहिल्या दिवशी माझ्या किटलीची शिट्टी ऐकून ते म्हणाले, "मामा, इतकी वर्षं तुम्ही हे सहन कसं केलंत?"

मी आता रजिस्टरमध्ये चित्रं काढत नाही. अक्षरं लिहितो.

त्यानंतर चौथ्या वर्षी, नऊ फेब्रुवारीला, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मास्तर वारले; तेही मी रजिस्टरमध्ये अक्षरांत लिहिलं, 'सकाळी' हा शब्दसुद्धा.